गच्चीवरचा प्रेक्षक

सुमंतांनी विचारलं आणि यज्ञेश्वर गंध्यांनी "हो" म्हटलं. मधे चहाचा एक घोट गेला असेल, तेवढाच काय तो विचार.

सुमंत म्हणजे नगरच्या एका साप्ताहिकाचे संपादक. (मुद्रितं तपासणारे आणि सायकलवरून अंक घरोघर टाकणारेही तेच.) वर्षअखेरच्या अंकासाठी त्यांना एक झकास कल्पना सुचली होती.

"यंदाचे माझे आवडते टीव्ही कार्यक्रम! पहिला, दुसरा, तिसरा, असे क्रम लावून. सोबत तुमचा फोटो. अहो गंधे, अख्ख्या सावेडीत टीव्ही तुमच्याकडेच. वर्षभर रोज बघताय. तुम्ही नाही लिहायचं तर कोणी?"

फोटो म्हटल्यावर यज्ञेश्वररावांचा हात नकळत भांगाकडे गेला. पाटबंधारे खात्यात एकवीस वर्षं कारकुनी केली, पण नाव छापून आलं ते एकदाच, बदल्यांच्या यादीत. आता लेखक म्हणून येणार होतं. साहेब वाचतील, सासुरवाडी वाचेल. संध्याकाळपर्यंत त्यांनी ऑफिसात निम्म्या लोकांना सांगूनही टाकलं.

अडचण एकच होती. यज्ञेश्वररावांनी वर्षभरात टीव्हीवरचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता.

त्याचं असं झालं. टीव्ही मूळचा त्यांच्या मेव्हण्याचा, मुंबईचा. तो नोकरीला कुवेतला गेला आणि जाताना सेट बहिणीकडे, म्हणजे इंदूताईंकडे ठेवून गेला. पुण्याहून येणारं चित्र नगरपर्यंत कसंबसं पोचायचं, म्हणून गच्चीवर तीस फुटी पाइप उभा करून त्यावर अँटेना चढवली. पहिल्याच संध्याकाळी, सेट लावायच्या आधीच, वावटळीत पाइपाची पकड तुटली आणि पाइप मनाला येईल तसा गरागरा फिरायला लागला. कार्यक्रमाची वेळ झाली तरी चित्र येईना तेव्हा यज्ञेश्वरराव घरमालकाच्या रुबाबात वर गेले आणि त्यांनी पाइप दोन्ही हातांनी धरला. खाली असं काही लख्ख चित्र आलं की शेजारच्या गोजरबाई जागेवरून ओरडल्या, "यज्ञेसरराव, सोडू नगा! हाताला गुन हाय तुमच्या!"

या एका वाक्यापायी त्यांचं वर्ष गेलं. बाकीच्यांनीही धरून पाहिला. गोजरबाईंचा मुलगा सहादेव नागापूरच्या कारखान्यात लोखंड वाकवायचा, पण त्याने पाइप धरला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. पकड दुरुस्त करायचा विषय मग कोणी काढलाच नाही. गुण हाताला होता, पकडीला नव्हता!

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाला खाली तीस माणसं आणि वर एक. झरोक्यातून हुकूम यायचे. "थोडं दौंडाकडं! आलं... आलं... लई गेलं! मागं या शिरूरला! हां, थांबा तितंच!" एसटीच्या ड्रायव्हरनेही इतक्या फेऱ्या मारल्या नसतील. कार्यक्रम संपून यज्ञेश्वरराव शिडी उतरेपर्यंत इंदूताईंनी बटण बंद करून सेटवर क्रोशाचं झाकण घातलेलं असायचं. दादाचा सेट तापायला नको ना!

थोडक्यात, ते वर्षभर टीव्ही ऐकत होते. खाली हशा झाला की नाटक. हुंदके ऐकू आले की मराठी सिनेमा. हशाही नाही आणि हुंदकेही नाहीत, म्हणजे शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. आणि बातम्या तर त्यांना खात्रीने ओळखता यायच्या, कारण बातम्या लागल्या की बायका सुरू व्हायच्या.

"आज पोपटी नेसलीय."

"पोपटी कसली? मोरपंखी हाय ती. मला काय दिसत न्हाई व्हय?"

"काठ मात्र डाळिंबी आहेत हो."

ही चर्चा रोज इतक्या ठामपणे चालायची की यज्ञेश्वररावांना कधी शंकाच आली नाही. मुंबईचा सेट. रंगीत असणारच. खाली येऊन विचारायचं तरी कसं? टीव्ही आपल्याच घरातला.

तीन दिवस दुपारच्या सुट्टीत बसून त्यांनी लेख लिहिला. पहिला क्रमांक बातम्यांना दिला. 'निवेदिकेची पोपटी साडी, तिचे डाळिंबी काठ आणि कपाळावरचे लालचुटूक कुंकू यांचा मेळ पाहून बातमी दुष्काळाची असली तरी मन प्रसन्न होते.' दुसरा क्रमांक शेतीच्या कार्यक्रमाला, त्यातल्या हिरव्यागार उसाबद्दल. तिसरा सिनेमाच्या गाण्यांना, 'नायिकेच्या गालांवर हळूहळू चढत जाणाऱ्या लालीसाठी'. लेख त्यांनी घरात कोणालाही दाखवला नाही. छापून आल्यावर चकित करायचं होतं.

सुमंतांनी टीव्ही जन्मात पाहिला नव्हता. लेख वाचून ते इतके भारावले की खाली चौकटीत त्यांनी स्वतःहून दोन ओळी टाकल्या. 'रंगीत टीव्ही आपल्या नगरात! रसिकांनी रविवारी सायंकाळी लेखकाच्या निवासस्थानी अवश्य यावे.'

अंक हातात पडला तेव्हा इंदूताईंनी लेख दोनदा वाचला आणि पदराने डोळे टिपले.

"किती सुंदर लिहिलंत हो! मी समोर बसून बघते, पण मला इतकं दिसलं नाही. आणि तुम्हाला आम्ही वर्षभर गच्चीवर उभं केलं." त्यांना खरोखरच वाईट वाटलं. "ते काही नाही. रविवारी तुम्ही खाली बसायचं. मधोमध खुर्ची टाकते. पाइप धरेल सहादेव."

यज्ञेश्वररावांना भरून आलं. फोटोचा आनंद होताच, पण मनातली गोष्ट सांगायची तर गेलं वर्षभर त्यांना एवढंच हवं होतं. आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर बसून एक कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा.

रविवारी पाचपासूनच अंगणात सायकली लागायला लागल्या. भिंगारहून माणसं आली, केडगावहून आली. श्रीमंतशेठ नावाचे कापडबाजारातले एक दुकानदार तर वही-पेन्सिल घेऊन आले. निवेदिकेच्या साड्यांचे रंग टिपून तसाच माल मागवायचा त्यांचा विचार होता. यज्ञेश्वररावांनी लग्नातला कोट चढवला होता. लोक नमस्कार करत होते. वरून सहादेव ओरडला, "धरला बरं का!" इंदूताईंनी बटण फिरवलं.

आधी मुंग्या आल्या. मग मुंग्यांतून हळूहळू एक बाई वर आली आणि बातम्या वाचायला लागली.

यज्ञेश्वरराव पुढे झुकले. बाईंची साडी राखाडी होती. कुंकू काळं होतं. बाईही एकूण राखाडीच होत्या.

"इंदू," ते कुजबुजले, "बटण नीट लाव."

"लावलंय."

"मग रंग कुठायत?"

"कसले रंग?"

"अगं, टीव्हीचे!"

"अहो, हा काळा-पांढराच आहे. दादाने आणला तेव्हापासून."

"मग तुम्ही बायका वर्षभर पोपटी, मोरपंखी..."

"ते आम्ही अंदाजाने ठरवतो. त्यातच तर मजा असते."

"आणि माझा लेख?"

"मला वाटलं, लेखकांना तसंच लिहावं लागतं."

तेवढ्यात श्रीमंतशेठ पेन्सिल उंचावून म्हणाले, "गंधेसाहेब, पोपटी कधी लागणार?" मागे चुळबुळ सुरू झाली. सुमंतांचा चेहरा निवेदिकेसारखा राखाडी पडला. उद्या नगरभर हसं होणार, ऑफिसात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे यज्ञेश्वररावांना स्पष्ट दिसलं. पण माणूस मुळात सरळ. ते उठले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, "मंडळी, मला एक सांगायचंय. मी वर्षभरात..."

"रंग कुटनं येनार?" गोजरबाईंनी मधेच तोंड घातलं. "वर कोन हाय बगा की! माजा सहादेव! त्याला मुंग्यांबिगर काय आनता येतंय? यज्ञेसरराव, तुमी जा बरं वर. तुमचा हात लागल्याबिगर काय व्हनार न्हाई!"

"पण गोजरबाई, ऐका तरी..."

"अहो, जा ना साहेब! लोक लांबून आलेत," श्रीमंतशेठ म्हणाले. पाचसहा जणांनी त्यांना जवळजवळ उचलूनच शिडीशी नेलं. वरून सहादेव उतरला, हात झटकले आणि मधोमध टाकलेल्या खुर्चीवर जाऊन बसला.

यज्ञेश्वररावांनी कोटासकट पाइप धरला. गार वारा सुटला होता. खालून नेहमीचे हुकूम सुरू झाले. दौंड झालं, शिरूर झालं. मग एकदम गोजरबाईंचा आवाज आला, "आला! आला! जांभळा!"

"जांभळा नाही, आमसुली आहे!" हे श्रीमंतशेठ.

"वांगी कलर म्हणतात त्याला," भिंगारकडचं कोणीतरी म्हणालं, आणि साठ माणसं एकदम बोलायला लागली.

यज्ञेश्वररावांनी पाइप घट्ट धरला. झरोक्यातून वाकून पाहावं असं फार वाटत होतं, पण वाकलं की अँटेना हलणार. एवढ्यात इंदूताई चहाचा कप घेऊन शिडी चढून आल्या.

"खरंच आले का गं रंग?"

"मला नाही बाई दिसले. पण खाली सगळ्यांना दिसतायत. शेठजींची दोन पानं भरली."

"मग मी आता येऊ का खाली? दोन मिनिटं बघतो."

"छे, छे! भलतंच काय!" इंदूताईंनी एका हाताने पाइपाला आधार देत कप त्यांच्या ओठांना लावला. "तुम्ही खाली येऊन बसलात म्हणूनच मघाशी रंग गेले होते, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय."