मौनाचं शेवटचं पान

चातुर्मासात समिधाने जेवताना मौन पाळायचं व्रत घेतलं आणि अमिरातीतल्या अल ऐनच्या त्यांच्या फ्लॅटमधली कायदा-सुव्यवस्था संपली. आई पानावर बसली की ओरडत नाही, हा शोध नऊ वर्षांच्या वेदांगने लावला; सहा वर्षांच्या ईशानीने त्याचा लगेच फायदा घेतला.

त्यात भर सशांच्या कार्टूनची. भाऊ-बहीण ससे वीसपैकी एकोणीस मिनिटं एकमेकांच्या जिवावर उठायचे, विसाव्या मिनिटाला गळामिठी.

"अहो, बंद करू या ते," समिधा हळूच म्हणायची.

"अगं, शेवटी मिठी मारतात ना? चांगल्या व्हॅल्यूज आहेत," गुणवंत मोबाइलमधून मान न काढता म्हणायचा. मिठीच्या आधीच पोरं प्रॅक्टिसला उठलेली असायची, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

आज शनिवारी व्रताचं उद्यापन. त्यासाठी घंटा दान करतात. गुरुजी मिळाले नाहीत, म्हणून ती दुबईच्या धाकट्या बहिणीला, दर्शनाला द्यायची असं ठरलं. चिंचेने घासलेली घंटा शेजारी ठेवून समिधा पाटावर बसली. 'देवा, चार महिने निभावलंस, एवढं एक पान निभाव.' बोलायचं नाही आणि पान संपेपर्यंत उठायचं नाही, एवढंच तर होतं.

वरणभाताचा दुसरा घास तोंडात होता. वेदांगने ईशानीला बाथरूममध्ये ढकललं आणि बाहेरून किल्ली फिरवली. सशाने परवाच केलं होतं.

"ओपन इट!"

"से सॉरी फर्स्ट!"

"देन आय विल फ्लड यू, लाइक द बनी!"

नळ सुटल्याचा आवाज आला. पाणी जायच्या जाळीवर टॉवेल दाबायचा, हेही त्या सशिणीनेच शिकवलेलं. दाराखालून पाण्याची जीभ बाहेर आली. समिधा 'हुं' करणार होती. पण हुंकारानेही मौन मोडतं, असं आईने बजावलेलं. तिने घंटा उचलली आणि जिवाच्या आकांताने वाजवली.

गुणवंत बेडरूममधून टाळ्या वाजवतच आला. "आरती? आलो, आलो!"

समिधाने डाव्या हाताने बाथरूम दाखवलं.

"हो गं, पाय धुऊनच येतो," म्हणत त्याने किल्ली फिरवली.

पाय धुतले गेलेच, गुडघ्यापर्यंत. पाठोपाठ बादली, मग ईशानी, मग तो स्वतः गालिच्यावर सपशेल आडवा. पाणी पाटाला लागलं. समिधाने ताट डाव्या हाताने वर उचललं, उरलेला भात भराभर संपवला, शेवटचा घास गिळला आणि ताट मांडीवर ठेवून डोळे मिटून हात जोडले. व्रत पूर्ण!

तेवढ्यात दर्शना आली. "ताई, घराचा स्विमिंग पूल केलास का गं?" मग तिची नजर घंटेवर गेली. "एवढीशीच? आईची समई मात्र तूच घेतलीस."

चार महिने पानोपानी गिळलेले शब्द एकदम वर आले.

"समई काढतेस? आणि माझी पैठणी नेलीस ती? आठ वर्षं झाली!"

"तूच म्हणालीस, घेऊन जा!"

"नेसायला म्हणाले होते, ठेवायला नाही!"

वेदांगने टीव्ही बंद केला. दोघं भावंडं एकाच टॉवेलात सोफ्यावर चिकटून बसली.

"पप्पा, हू इज विनिंग?" ईशानीने कुजबुजत विचारलं.

"डोन्ट वरी," वेदांग म्हणाला, "लास्ट मिनिटला हग असतो."

गुणवंतने घड्याळाकडे पाहिलं. दोनच मिनिटं झाली होती. त्याने मुकाट्याने आपलं ताट वाढून घेतलं आणि पान संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाही.