परबांचा हळू बार

आमचे शेजारी रमाकांत परब बंदुकीच्या काडतुसात मोहरी भरतात. रिकाम्या लाल नळीत बारुदाच्या जागी रवा, छऱ्यांच्या जागी मोहरी. मग नळीचं तोंड सुबक दुमडायचं, काट्यावर ठेवायचं आणि वहीत वजन लिहायचं. मोहरी अर्थात माझी.

"वयनी, वाटीभर मोहरी मेळात काय? बारीक होयी. मागची जाड होती."

ओमानमधल्या या सोहारला येऊन मला अकरा वर्षं झाली. या इमारतीत लोकांनी माझ्याकडे विरजण मागितलं, इडलीपात्र मागितलं; पण फुकटच्या मोहरीत खोट काढणारा हा एकच.

परब कारखान्यात मापयंत्रं तपासतात आणि घरी आल्यावरही थांबत नाहीत. चहाची पूड काट्यावर, भाजीतलं मीठ काट्यावर. "आज ऊन फार आहे" म्हटलं तरी विचारतात, "कालच्यापरीस किती?" त्यांचं पालुपद एकच. "ताडून बगल्याशिवाय काय खरा नाय."

रिकाम्या नळ्या येतात नेमबाजीच्या मैदानावरून. मातीच्या तबकड्या उडवणारं तिथलं यंत्र बिघडलं की तिथला अर्बाब, म्हणजे मालक, परबांना बोलावतो. पैसे देऊ केले तर हे जमिनीवरच्या नळ्या मागतात. अर्बाबाला वाटतं, माणूस वेडा आहे. मलाही तसंच वाटायचं.

मग गेल्या वर्षी एका शुक्रवारी आमच्याकडे चहाला आले असताना त्यांना गावाहून फोन आला. गाव देवगडच्या बाजूला. आंब्याच्या कलमांवर वानरं उतरली की धाकटा भाऊ बाळा परवान्याच्या बंदुकीने त्यांना हुसकावतो. बोलता बोलता पलीकडे बार झाला, पेला पडला आणि त्यांची म्हातारी आई किंचाळली, "मेलंय गो बाये!"

परबांनी चहा तसाच ठेवला.

"बार झालो की आये अशी दचकता. मग दिवसभर घराभायर पडना नाय. वानरांका बारीक आवाजय पुरो, पण आयेक मोठो नको. छर्रो आवाजाच्या वेगापेक्षा सावकाश धावलो, तर तडाखो कमी होता, वयनी."

त्यासाठी हा माणूस तीन वर्षं रवा-मोहरीवर हात बसवत होता. खरं बारूद त्यांनी घरात कधी आणलं नाही. परवाना नाही म्हणजे नाही. माझ्या नवऱ्याला आईला फोन करायचीही आठवण करून द्यावी लागते. त्या दिवसापासून मी मोहरी चाळून द्यायला लागले.

यंदा सुट्टीत गावी गेल्यावर ते आधी पोलीस ठाण्यात गेले. घरी काडतूस भरायला परवानगी मिळाली नाही. परब हुज्जत न घालता वही घेऊन परवानेवाल्या दुकानदाराकडे गेले. तो वहीवर इतका खूश झाला की त्याने कमी तडाख्याची तयार काडतुसं मागवून दिली. चार दिवसांनी मला फोन आला.

"वयनी, जमला! बाळान बार काढल्यान, आये वाल सोलीत होती, ती सोलीतच रवली!"

मी त्या दिवशी शिरा केला. इमारतभर वाटला.

परब परतले. पंधरा दिवस मोहरी मागितली नाही. शेवटी मीच वाटी घेऊन गेले.

"ताडून बगूक नको काय, वयनी?" ते म्हणाले. "म्हणान बाळाक सांगितलंय, आता जुनो बार काढ." मग काटा पुसत बसले. "तरीय ती सोलीतच रवली."

म्हातारीला सहा महिने ऐकूच येत नव्हतं. हा तिकडे एकटा, जिवाला लावून घेईल, म्हणून बाळाने कळवलं नव्हतं. फोनवर, आणि समोर बसूनही, ती आपली मधूनमधून "होय रे, होय रे" म्हणायची आणि परबांना वाटायचं, आई बोलतेय. मला फार वाईट वाटलं. वाटी तिथेच ठेवून मी परत आले.

परवा शुक्रवारी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला.

"बाळा, जुनो मोठो बार काढ. खळ्यातसून काढ, तिच्या जवळसून."

फोनमधला तो बार मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला. मग परबांनी हळूच विचारलं,

"दचकली?"