दोनशे म्हणजे सगळं ठीक

वेबसाइट तपासण्यात माझा हात धरणारा अख्ख्या कानाझावा शहरात सापडणार नाही! हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

तीन मार्च, मुलींचा सण. उराबे आजींच्या मिठाईच्या दुकानाची नवी वेबसाइट त्या सकाळी नऊला सुरू व्हायची होती. आजींनी पहाटेपासून खपून चेरीच्या पानात गुंडाळलेले सहाशे साकुरामोची करून ठेवले होते. तांदळाचा पदार्थ! संध्याकाळपर्यंत गेला नाही तर दगड.

"नागुमो, नक्की चालेल ना रे?" आजींनी साडेआठला फोनवर विचारलं.

"आजी, दोनशे चौदा पानं तपासलीत. एकूण एक हिरवी! निर्धास्त राहा."

तपासणी सोपी असते. पान मागितलं की वेबसाइट आधी एक आकडा पाठवते. २०० म्हणजे सगळं ठीक, ५०३ म्हणजे सध्या बंद. एखादं पान दुसरीकडे वळवत असेल, तर माझी तपासणी मुकाट्याने तिकडे जाते आणि शेवटच्या दाराशी आकडा विचारते. दार कुणाचं आहे, हे विचारत नाही.

दहा वाजले. एकही ऑर्डर नाही.

"लोक मुलींना किमोनो नेसवत असतील," मी आजींना म्हणालो.

"माझ्या बहिणीचा फोन आला होता. म्हणाली, तुझं दुकान माझी वाकून वाकून माफी का मागतंय?"

मी घाईघाईने साइट उघडून पाहिली. आदल्या दिवशी काम चालू असताना आम्ही सगळी पानं एका माफीच्या पानाकडे वळवली होती, ती तशीच राहिली होती. त्यावरचा मजकूर आमच्या मालकांचा, शिराईशीसाहेबांचा: "आपली इतक्या वर्षांची कृपा असूनही आम्ही सेवेस असमर्थ आहोत, मनःपूर्वक क्षमस्व." त्यासोबत मी ५०३ पाठवणार होतो, पण साहेब कडाडले, "माफी मागताना गिऱ्हाइकाच्या तोंडावर बिघाडाचा आकडा? काही रीतभात आहे की नाही!" मग मीच २०० लावला. म्हणजे दोनशे चौदा पानं मला सांगत होती, "सगळं ठीक आहे, माफ करा!"

मी ते वळवणं काढतोय, तोवर पुन्हा फोन.

"अरे, दारात ही रांग लागलीय!"

"बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"बघा काय? रडतायत माणसं! दुकान कायमचं बंद होतंय असं वाटतंय त्यांना."

चूक त्यांची नव्हती. आमच्याकडे जुनी दुकानं अशाच शब्दांत निरोप घेतात, आणि मग दहा वर्षं न फिरकलेली माणसंही शेवटचा घास घ्यायला धावतात. अकरापर्यंत साडेतीनशे नग गेले.

"आजी, आत्ता काही बोलू नका," मी गयावया केली. "संध्याकाळी सांगा."

"खोटं सांगून मिठाई विकू? चाळीस वर्षांत नाही केलं ते!" आणि फोन चालू ठेवूनच त्या बाहेर जाऊन गरजल्या, "मी कुठेही जात नाहीये! पुढच्या वर्षीही इथेच आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी नाक शिंकरलं.

"म्हणजे पुढच्या वर्षीही मिळेल? वा! मग पुढच्या वर्षी येऊ की."

आणि रांग पांगली.

साइट सुरू झाली, तीवरून संध्याकाळपर्यंत सदतीस नग गेले. उरलेले दोनशे तेरा आमच्या चौघांच्या ऑफिसने विकत घेतले आणि गुरुवारपर्यंत भाजून भाजून खाल्ले. साहेब दर घासाला माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्याच दिवशी मी माफी मागायला गेलो. अशा वेळी रिकाम्या हाताने जाता येत नाही, मिठाईचा डबा लागतोच. आता आजींचीच मिठाई आजींना कशी नेणार? म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाचा डबा मागवला. कमरेतून वाकलो आणि तो दोन्ही हातांनी पुढे केला.

आजींनी एक तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटून सावकाश चावला.

"बरा आहे. त्यांच्या वेबसाइटवरून मागवलास?"

"हो, आजी."

"लगेच आला?"

"तासाभरात."

आजींनी वही आणि पेन्सिल पुढे ओढली.

"त्यांची वेबसाइट कोण तपासतं, त्याचा नंबर दे मला."