यतीनरावांनी टोपी फिरवली

पोंक्ष्यांच्या घराण्यात आजवर कुणी दिलेला शब्द फिरवलेला नाही, हे यतीन पोंक्षे टेक्सासातल्या शुगर लँड गावात भेटेल त्याला ऐकवत असे. त्याच्या आजोबांनी म्हणे एकदा कुणाला 'जेवायला येतो' म्हटलं होतं, तर अंगात सणसणून ताप असताना गेले आणि यजमानांचं अख्खं घर आजारी पाडून आले. शब्द म्हणजे शब्द!

एक गोष्ट मात्र यतीन सांगत नसे, कारण ती त्याची त्यालाच ठाऊक नव्हती. या माणसाला 'नाही' म्हणता येत नसे. जन्म पुण्यातला आणि नाही म्हणता येत नाही, आता बोला! विमा विकणाऱ्याचा फोन आला तरी हा त्याच्या मुलाबाळांची चौकशी करी आणि शेवटी म्हणे, "वी विल सी. डेफिनेटली." मराठीत याचा अर्थ स्वच्छ आहे. 'बघू' म्हणजे नाही, आणि 'बघू, नक्की' म्हणजे पुन्हा फोन करू नका. आपल्याला हे आईच्या दुधाबरोबर कळतं. पण टेक्सासच्या माणसाला हे कोण सांगणार?

तर यतीनचा मुलगा अक्षत. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, आणि फुटबॉलच्या टीममध्ये किकर. फुटबॉल म्हणजे तिकडचा, जो पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात तो. त्यात किकर हे फार सुखाचं पद. बाकीची पोरं तीन तास एकमेकांची हाडं खिळखिळी करतात. हा परीटघडीच्या कपड्यांत कडेला उभा असतो, मधेच जाऊन एक लाथ घालतो आणि परत कडेला येतो. त्याच्या आईला, रुचाला, हा खेळ पसंत होता तो एवढ्यासाठीच, की कपडे मळत नसत. पण लाथ अशी सणसणीत, की चेंडू दोन खांबांच्या बरोब्बर मधून जायचा आणि पार्किंगमध्ये कुणाची तरी काच शोधायचा.

जूनमध्ये एका कॉलेजने अक्षतला मागणी घातली. नाव कशाला हवंय? त्यांची टोपी नारिंगी, म्हणून आपण नारिंगीच म्हणू. अक्षतने होकार दिला. याला तिकडे कमिट होणं म्हणतात. आपल्याकडचा साखरपुडाच समजा. लग्न डिसेंबरात, सह्या होतील तेव्हा. तोवर मुलगाही फिरू शकतो आणि कॉलेजही. आणि फिरतात हो, सर्रास! अक्षतच्याच टीममधला एक दांडगा पोरगा उन्हाळ्याभरात तीन कॉलेजांचा जावई होऊन परत सडाफटिंग झाला होता. यतीनने त्यावरून अक्षतला समोर बसवून आजोबांच्या तापासकट भाषण दिलं. अक्षत म्हणाला, आय नो, बाबा.

त्याला भाषणाची गरजच नव्हती. गेल्या वर्षी शेवटच्या मॅचमध्ये त्याची किक खांबावर आपटली आणि शाळा हरली, तेव्हा त्याला फोन करणारा कोच एकच होता, नारिंगीचा हॅगर्टी. 'खांबाला लागली म्हणजे नेम चांगलाय,' असं म्हणाला होता म्हणे. पोराने तेव्हाच ठरवलं होतं, खेळीन तर या माणसाकडे. पण किकर वर्षाला एकच घेतात. दुसरा कुणी आला की संपलं.

ऑक्टोबरात जांभळ्या कॉलेजच्या कोचचा घरी फोन आला. अक्षत प्रॅक्टिसला होता, म्हणून यतीनने घेतला. मुलाने दुसरीकडे शब्द दिलाय हे माहीत आहे, पण विचार बदलेल का, असं त्याने सरळ विचारलं. यतीनने तिकडचं हवापाणी विचारलं, कोचच्या आईच्या गुडघ्याची विचारपूस केली आणि म्हणाला, "वी विल सी. डेफिनेटली." एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं, पण सवयीने पुढे म्हणाला, "यू मस्ट कम होम!" आपण 'या एकदा घरी' म्हणतो ते समोरचा येणार नाही या भरवशावर. अमेरिकन माणूस लगेच कॅलेंडर काढतो.

दिवाळीच्या शनिवारी घरी फराळाला मंडळी जमली होती. बेल वाजली. दारात दाराएवढाच माणूस, अंगात जांभळा शर्ट! रुचाने यतीनकडे असं बघितलं की करंजीसुद्धा विरघळावी. पण आलेल्या पाहुण्याला उपाशी कसं पाठवायचं? कोचने चकली खाल्ली, आणखी मागून घेतली, अनारशाला डोनट म्हणाला आणि खूश होऊन पिशवीतून एक जांभळी टोपी काढून यतीनच्या डोक्यावर चढवली. पाहुण्याने घातलेली टोपी तोंडावर काढायची कशी? यतीन ती घालून सगळ्यांना चिवडा वाढत फिरला.

महाराष्ट्र मंडळाचे राजेश कुंटे तिथेच होते. यांच्या हातात फोन आला की कुणाची खैर नसते. त्यांनी फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला: 'यतीनरावांनी टोपी फिरवली!' साधा विनोद, लोकांनी हसून सोडून दिला असता. पण कुंट्यांची केया अक्षतच्याच शाळेत. तिने तोच फोटो आपल्या मित्रमंडळींसाठी पुढे धाडला आणि बापाच्या विनोदाचं इमानदारीत इंग्रजी केलं: 'पोंक्षे फ्लिप्ड!'

आता फुटबॉलच्या जगात फ्लिप या शब्दाला एकच अर्थ आहे. एका कॉलेजचा शब्द मोडून दुसऱ्याच्या गळ्यात पडणं! आणि पोंक्षे म्हटल्यावर लोकांना आठवतो तो जर्सीवर पोंक्षे लिहिलेला किकर. संध्याकाळच्या आत नारिंगीचे चाहते अक्षतला गद्दार म्हणायला लागले. ज्यांना पोंक्षे हा उच्चारही जमत नव्हता, ते त्याचं स्पेलिंग बिनचूक लिहून शिव्या घालत होते.

अक्षत शाळेतून मॅचचे व्हिडिओ बघून परतला तेव्हा पाहुणे गेले होते. त्याने फोन बापासमोर धरला. हॅगर्टीचा मेसेज होता: ऐकलं ते खरं का? ओक्लाहोमाचा एक मुलगा माझ्या उत्तराची वाट बघतोय. मला तुमच्याकडून सरळ ऐकायचंय.

यतीन म्हणाला की गैरसमज झालाय, मी तर त्या जांभळ्याला नाहीच म्हणालो होतो. कोणत्या शब्दांत, ते अक्षतने विचारलं. यतीनने ते शब्द सांगितले.

"बाबा, दॅट्स नॉट अ नो." अक्षत म्हणाला. "मी फ्लिप नाही झालो. यू फ्लिप्ड मी."

पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि इतक्या वेळाने यतीनच्या लक्षात आलं की जांभळी टोपी अजून डोक्यावरच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक नारिंगीच्या गावी निघाले. रुचाने फोन करा म्हटलं होतं, पण यतीनने फोनचा धसकाच घेतला होता. गाडी अक्षत चालवत होता आणि बाप मांडीवर फराळाचा डबा घेऊन गुन्हेगारासारखा शेजारी बसला होता.

हॅगर्टी ऑफिसातच भेटला. यतीनने डबा पुढे केला आणि एका दमात सगळं सांगितलं. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. आम्ही 'डेफिनेटली' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नाही असा असतो. लहान मुलालासुद्धा कळतं. हॅगर्टीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला.

"मिस्टर पोंक्षे," तो म्हणाला, "जूनमध्ये याच खुर्चीत बसून मी तुम्हाला विचारलं होतं, मुलगा आमच्याकडे येणार ना? तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

काय म्हणाला होता ते यतीनला लख्ख आठवत होतं: 'डेफिनेटली!' घराण्याचा शब्द असा घशात अडकलेला त्याने कधी अनुभवला नव्हता. आजोबा असते तर तापाने फणफणले असते.

"येस, कोच," अक्षत म्हणाला. "मी येतोय. तेव्हाही येस होतं, आत्ताही येस आहे."

हॅगर्टी उठला, त्याने अक्षतचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने ओक्लाहोमाच्या मुलाचा कागद बाजूला सारला. यापुढे मी फक्त मुलाशी बोलणार, एवढंच म्हणाला. यतीनला इतकं भरून आलं की त्याने तिथल्या तिथे कोचला सहकुटुंब पुरणपोळीचं आमंत्रण देऊन टाकलं. दारापर्यंत सोडायला आलेल्या हॅगर्टीने चेहऱ्यावरची रेषही न हलवता उत्तर दिलं, "वी विल सी. डेफिनेटली." माणूस हुशार! अर्ध्या तासात मराठी शिकला.

परतताना पेट्रोल भरायला थांबले तेव्हा अक्षत म्हणाला की जांभळ्या कोचला अजून कुणी 'नाही' असं सांगितलेलं नाही, आणि ते बाबांनीच सांगायचं. स्पष्ट. एन, ओ. फोन घेऊन यतीन छाती काढून बाहेर गेला. अक्षत काचेतून बघत होता. बाप पंपापाशी येरझाऱ्या घालत होता, मान डोलावत होता, मधेच हसलासुद्धा. नाही म्हणताना कुणी इतकं हसतं का?

यतीन गाडीत येऊन बसला. पट्टा लावला. सांगितलं म्हणाला, अगदी तोंडावर 'नाही' म्हणून सांगितलं, अक्षत येणार नाही म्हणजे नाही. अक्षतने तीनतीनदा विचारून खात्री करून घेतली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला. "प्राउड ऑफ यू, बाबा," म्हणाला. यतीनला आपण घराण्याचं नाव राखलं असं वाटलं. गाडी हायवेला लागली. बराच वेळ यतीन बाहेरच्या गाई बघत बसला.

"अक्षत," तो शेवटी घसा खाकरून म्हणाला, "आपली सिया सॉकर सोडणार नाहीये ना? त्या जांभळ्यांची मुलींची टीम चांगली आहे म्हणे."

सिया म्हणजे अक्षतची धाकटी बहीण. चौथीत आहे. अक्षतने इंडिकेटर दिला आणि गाडी बाजूला घेतली.