मारोतमामा शिडाच्या नावेत

शर्यत आम्हीच जिंकणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. बाकीच्या चार नावा म्हणजे पाण्यावर सोडलेल्या पराती! आणि आमची? चांगली तीस फुटी, डोलकाठी तीन मजली, अन् शीड एवढं मोठं की त्याच्या सावलीत कॉलनीतलं एखादं लग्न उरकलं असतं!

नाव माझ्या मेव्हण्याची. पियूषनं ती आंध्राच्या किनाऱ्यावरून जुनी घेतली आणि ट्रेलरवर लादून यवतमाळला आणली. पांढरकवड्याच्या ढाब्यावर ट्रकवाले तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "भाऊ, आपल्याकडे समुद्र कधी आला?"

"काम चालू आहे," पियूष म्हणाला.

शर्यत रविवारी धरणावर होती. पण पियूषचं खरं लक्ष वेगळीकडेच होतं. शर्यत भरवणाऱ्या क्लबात वेळ मोजायचं काम शाल्मली करते. ती कॉलेजात गणित शिकवते. तिला तो लग्नाचं विचारणार होता.

"भाऊजी, पहिला आलो की तिथंच विचारतो. हरलो तर विषय संपला! हरलेलं तोंड घेऊन कोण विचारते?"

शर्यत हँडिकॅपची. शाल्मलीनं सगळ्यांना उभं करून नियम सांगितला. मोठी नाव जोरात पळते, म्हणून शेवटी तिच्या वेळेत काही मिनिटं वाढवायची. लहान नावेच्या वेळेतून तेवढी कापायची. मी तेव्हा कचोरी खात होतो. तरी मान डोलावली.

"हँडिकॅपची हाये काय?" मारोतमामा खूश झाले. "माह्या गुडघ्याचं सर्टिफिकेट हाये, घरून मागवू?"

मारोतराव म्हणजे माझ्या बायकोचे, शीलाचे मामा. कापसाची मोठी शेती आणि त्याला शोभेल असा देह. त्यांना घेण्याचं कारणही देहच. वाऱ्यानं नाव एका बाजूला कलली की कुणीतरी दुसऱ्या बाजूला जाऊन बसावं लागतं. चार माणसं बसवण्यापेक्षा एक मामा स्वस्त!

माझ्या हाती शिडाचा दोर दिला. पियूष म्हणाला, "भाऊजी, 'ओढा' म्हटलं की ओढा, 'सोडा' म्हटलं की सोडा. डोकं लावू नका."

हे मला अवघड नव्हतं. मी सरकारी नोकरीत आहे.

शिट्टी वाजली आणि आम्ही जे सुटलो! नाव कलली की पियूष ओरडायचा, "मामा, वरच्या बाजूला!" मामा वरच्या बाजूला सरकले की नाव मुकाट सरळ व्हायची. पराती कुठल्या कुठे मागे पडल्या. सोबत आलेल्या शीलानं आनंदानं चिवड्याचा डबा उघडला.

पिवळ्या पिंपाला वळसा घालून परत फिरायचं होतं. वळण तोंडावर आलं, पियूषनं श्वास रोखला, आणि मामांच्या खिशातला फोन वाजला.

फोन शेतावरून, गडी भावसिंगचा. मामा वाऱ्याच्या वर आवाज काढून ओरडले, "काय? बैल सोडू म्हणतं? सोड!"

मी दोर सोडला.

शीड फडफडलं आणि नाव भर पाण्यात फतकल मारून बसली. पियूष किंचाळला, "कोणी सांगितलं?" मी मामांकडे बोट दाखवलं. पण मामा फोनमध्येच होते; तिकडे बैल तुरीत शिरला होता.

"अबे, काहून सोडला? धर! ओढ! जोरानं ओढ!"

मी जोरानं ओढला. शीड भसकन् भरलं, खालची आडवी काठी गर्रकन फिरली, मामा नेमके चुकीच्या बाजूला होते, नाव जवळजवळ आडवी झाली, चिवडा उधळला, आणि त्याच्या मागोमाग पियूष पाण्यात गेला.

अंगात लाइफ जॅकेट होतं, त्यामुळे तो बाटलीच्या बुचासारखा वर आला. पण आम्ही तोवर पुढे निघून गेलो होतो!

"अहो, थांबवा न हे!" शीला ओरडली.

"ब्रेक कुठं आहे?"

"मले काय विचारता!"

शेवटी तिनंच सुकाणू धरलं. ती रोज लोहाऱ्याला स्कूटीनं जाते. "हे तर उलटं चालते! डावीकडं ढकललं की उजवीकडं जाते!" पण दोन हेलकाव्यांत तिला ते जमलं आणि पिंपाला वळसाही बसला. मागे क्लबातल्या अभिषेकच्या सगळ्यात लहान परातीनं पियूषला आत ओढून घेतलेलं दिसलं. वारा पाठीशी होता. आम्ही थेट शेवटच्या रेषेवरून सपकन गेलो आणि काठाच्या चिखलात रुतलो.

पहिले! लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी डोलकाठीला धरून भाषण सुरू केलं. "हे यश एकट्याचं नाही..."

"यश कुठलं?" शाल्मली घड्याळ घेऊन खाली आली होती. "मागच्या नावा जवळच आल्यात; तुमची वेळ वाढवली की तुम्ही शेवटचे ठरता. आणि कॅप्टनशिवाय आलात, म्हणजे शर्यतीतून बादच!"

मी भाषण तिथंच आवरलं.

तेवढ्यात अभिषेकची परात लागली. हिशेबानं तीच पहिली! तिच्यातून पियूष उतरला. केसांत शेवाळ, एक बूट गायब. तो सरळ शाल्मलीसमोर गेला.

"मी हरलो. म्हणजे... जिंकलेल्या नावेत होतो. पण माझी नाव हरली. म्हणून विचारणार नव्हतो."

"काय विचारणार नव्हता?"

"लग्न करशील काय माझ्याशी?"

शाल्मलीनं त्याच्या खांद्यावरचा चिवडा झटकला. "आधी कपडे बदल. मग घरी चल, बाबा आहेत." आणि एवढं लाजली की घड्याळ बंद करायचंही विसरली.

मामांनी तिथंच पियूषला मिठी मारली आणि ओले झाले. मग अभिषेक त्यांच्याकडे आला. "मामाजी, पुढच्या वेळी आमच्या नावेत बसता काय? वजन कमी पडते आमचं."

"बसतो न! पण चिवडा पाहिजे."

बायकांच्या नावेवरून भैरवी मॅडम आल्या आणि शीलाला सुकाणूवर घेऊन गेल्या.

मी बराच वेळ दोर हातात धरून तिथंच उभा होतो, सगळ्यांना नीट दिसेल असा. शेवटी एक जण आलाच.

"साहेब, तो दोर सोडा. नाव चिखलातून ओढायची आहे."