ढोबळेसाहेबांची सीताबर्डी

लग्नाच्या बुफेत टेबलावर गाल टेकवून, एक डोळा मिटून, पनीरच्या भांड्याआडून कशाकडे तरी रोखून बघणारा सुटातला गृहस्थ भिलाईत कुठं दिसला तर घाबरू नका. त्यांना चक्कर आलेली नसते. ते आमचे ढोबळेसाहेब असतात, आणि ते नेम धरत असतात.

माझ्या मेहुणीच्या लग्नात केटररचा माणूस पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला होता. "अंकलजी, तबियत ठीक है?" साहेबांनी गाल न उचलता त्याला हातानंच बाजूला सारलं. "हट ना बाप्पा! मधात कावून येऊन राहिला? इथून मले सलाद दिसून राहिलं, म्हणजे सलादवर गोळी चालते. तू आला का बंद." तो बिचारा एकदा सलादाकडे आणि एकदा साहेबांकडे बघत मागं सरकला. नवरीकडची मंडळी कुजबुजायला लागली. मी साहेबांना ओळखत नाही असं दाखवून दहीवड्यांच्या दिशेनं निघून गेलो.

ढोबळेसाहेब लढाया खेळतात. बुद्धिबळ नव्हे. बुद्धिबळाचं नाव काढलं की ते विचारतात, "घोडा अडीच घर चालते, हे कोन्या घोड्याले पुसून ठरवलं?" त्यांच्या लढाईत अंगठ्याएवढे प्लास्टिकचे शिपाई असतात, त्यांना ते भिंगाखाली स्वतः रंगवतात. थर्मोकोलच्या टेकड्या, स्पंजाची झाडं, आणि जेवणाच्या टेबलावर प्लायवूड टाकून केलेलं रणांगण. टेपनं अंतर मोजून शिपाई पुढं सरकवायचे, शिपायाच्या उंचीवर डोळा नेऊन त्याला शत्रू दिसतो का ते बघायचं, दिसला तर फासे टाकून गोळी झाडायची, आणि कोण मेलं ते नियमांच्या पुस्तकात शोधायचं. जगात पुष्कळ शहाणी माणसं हा खेळ खेळतात म्हणे. भिलाईत तो तिघं खेळायचे. त्यातला एक मी, आणि मी खेळत नसे, पंच असे.

ही साथ घरात आणली जावयानं. परदेशातून येताना त्यानं शिपायांचा एक खोका आणला. साहेबांच्या पत्नी सुमनवहिनी अजून म्हणतात, "स्वेटर आनला असता तर काय बिघडलं असतं? टेबल घेतलं जेवाले. आता आमी जेवतो पलंगावर, अन् टेबलावर बसते इंग्रज!"

नियमांचं वेड मात्र जावयाच्या आधीचं. साहेबांची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या सुरक्षा विभागात गेली. हेल्मेटचा पट्टा सैल दिसला तरी ते माणसाला फर्नेसपासून गेटपर्यंत परत पाठवत. एकदा ते स्वतःच घाईत चपला घालून आत आले. त्यांनी स्वतःला मेमो दिला, त्याचं उत्तर स्वतःच लिहिलं, आणि 'उत्तर समाधानकारक नाही' असा शेरा मारून टाकला. त्यांच्या निरोप समारंभाला गर्दी मोठी होती. लोक खात्री करून घ्यायला आले होते.

असा माणूस रिटायर होऊन रिसालीतल्या घरात बसला, तर त्याला नियम लावायला कुणीतरी लागतंच. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात ठणकावलं, "माह्या किचनमध्ये पाय टाकाचा नाही." मग उरली फौज.

फौजेला शत्रू हवा. तो शेजारच्या दुर्गला सापडला. राऊतभाऊ रेल्वेत गार्ड होते, मूळचे नागपूरकडचे. आयुष्यभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून प्रवास केलेला माणूस. त्यामुळे त्यांना कशाचीच घाई नसायची. दर रविवारी सकाळी ते स्कूटरवर रिसालीला यायचे, चहा मागायचे, आणि फासे असे टाकायचे जसं कुणी भिकाऱ्याला चिल्लर टाकतं. फासे मात्र त्यांच्यावर फिदा होते.

लढाई ठरलेली, सीताबर्डीची. नागपूरकर भोसल्यांची फौज एवढी मोठी, समोर इंग्रज मूठभर, तरी भोसले हरले, हे ढोबळेसाहेबांना आजही मान्य नाही. "आपला मानूस कमी नाही पडला, कायदा कमी पडला," हे त्यांचं मत. म्हणून दर रविवारी ते भोसल्यांकडून उभे राहत आणि इतिहास दुरुस्त करायला घेत. राऊतभाऊ इंग्रज. दुपारपर्यंत इतिहास होता तिथं परत येत असे. खऱ्या भोसल्यांनी सीताबर्डी एकदाच गमावली. आमच्या साहेबांनी ती इतक्यांदा गमावली, की त्या दोन थर्मोकोलच्या टेकड्यांनाही इंग्रजी येऊ लागलं असेल.

आणि लढाईपेक्षा तिचं श्राद्ध लांब. हरल्यावर साहेब कधी म्हणत नसत, की आपण घोडदळ उगाच नाल्यात घातलं. ते चिवड्याची बशी पुढं ओढत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "दोष फौजेचा नाही, नियमाचा आहे." मग त्या रविवारच्या नियमावलीचा पंचनामा सुरू. इंटरनेटवरून ते नवनवीन नियमावल्या उतरवून घेत, छापून स्पायरल करून आणत. एक होती बादलीभर फाशांची. ती हरल्यावर ठरलं, की ही लढाई नाही, जुगार आहे. दुसरीत कुणी आधी चालायचं ते पत्ते ओढून ठरे. राऊतभाऊंना सलग पत्ते लागले आणि इंग्रज टेकडीवर जाऊन बसले. "म्हंजे माही फौज काय बस स्टॉपवर उभी आहे का, नंबर याची वाट पाहत?" तिसरी इतकी सोपी होती की साहेबांना तो अपमान वाटला. "हे नियम आहे का लुडो?" चौथीत वाऱ्याची दिशा, बंदुकीची ओली दारू, टेकडीचा चढ, शिपायाची झोप, सगळ्याचे गुण अधिक-उणे करायचे होते. ती लढाई सुरूच झाली नाही. बेरीज चालू असतानाच वहिनींनी जेवायला वाढलं, पलंगावर.

साहेबांना सगळ्यात जास्त चीड होती ती पळण्याच्या नियमाची. बहुतेक नियमावल्यांत असं असतं, की पलटणीतले पुष्कळ मेले की उरलेल्यांनी फासा टाकून हिंमत तपासायची, आणि फासा वाईट पडला की पळायचं.

"माहे मानसं पळत नाही," साहेब म्हणत.

"फासा बोलून राहिला, भाऊ," राऊतभाऊ चहात बिस्किट बुडवत म्हणत. "मी कुठं बोलून राहिलो? भागो बोला तो भागो."

"फाशाले काय समजते हिंमत?"

"मंग नोको टाकू. ऐसेही मर."

शेवटी साहेबांनी स्वतःची नियमावली लिहायला घेतली. तिच्यात भोसल्यांची माणसं पळत नव्हती, आणि नोव्हेंबरातली लढाई मे महिन्यात नेल्यामुळे इंग्रजांना ऊन लागत होतं. राऊतभाऊंनी ती शांतपणे वाचली, "ऊन तर तुमच्या घोड्यालेही लागन" एवढंच म्हटलं, आणि तिच्याच नियमांनी साहेबांना हरवलं. साहेबांनी त्याच संध्याकाळी सुधारित आवृत्ती काढली. तिची प्रत त्यांनी मला आणून दिली, पंच म्हणून सही करायला. मी न वाचता केली. प्लांटमध्ये लेखा विभागात इतकी वर्षं काढल्यावर माणूस कशावरही सही करतो.

हे असं चाललं होतं आणि राऊतभाऊंना लकव्याचा झटका आला.

उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा एक 'हो' आणि एक 'बरं' एवढी शिल्लक होती. मी दुर्गला भेटायला जात असे. बैठकीत नातेवाईक बसलेले असत, ते भाऊंशी मोठ्यांदा आणि एकेक शब्द तोडून बोलत, जसं काही माणूस बहिरा झाला आहे. भाऊ काहीही पुटपुटले तरी सगळे म्हणत, "बराबर आहे, एकदम बराबर." डॉक्टरनं सांगितलं होतं, बोलायचा सराव करा. पण बोलायचं कशाला? सगळ्यांनी सगळं आधीच कबूल केलेलं. राऊतभाऊ खिडकीबाहेर बघत बसायचे. झेंडी दाखवणारा हात मांडीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडलेला असायचा.

ढोबळेसाहेब भेटायला गेले नाहीत. दवाखान्यात नाही, घरी नाही. मी फोन केला तर म्हणाले, "जाऊन काय करू? मी डॉक्टर आहे का? अन् मले वेळ नाही, नवीन नियम लिहून राहिलो."

मी फोन ठेवला. संतापानं नाही, किळसेनं. वाटलं, या माणसाला समोर बसायला कुणीतरी हवं होतं, बाकी राऊत असो की बाजारातला पुतळा. दोनचार रविवार मी रिसालीकडे फिरकलोही नाही. मग एका रविवारी सकाळी ठरवलं, की जाऊन तोंडावर सांगायचं.

दार वहिनींनी उघडलं. नुसतं आत बोट दाखवलं, आणि कपाळावर हात मारला.

साहेब टेबलाशी एकटेच बसले होते. उजवा हात गमछ्यानं कमरेशी करकचून बांधलेला. डाव्या हातानं ते इंग्रजांची एक पलटण पुढं ढकलत होते. पण पलटण पूर्वीची नव्हती. एकेकटे शिपाई गेले होते. घोळक्याचे घोळके जाड लाकडी पट्टीवर चिकटवले होते, आणि प्रत्येक पट्टीला मागून धरायला एक मूठ होती.

"माह्या कपाटाच्या आहे त्या मुठी," वहिनी म्हणाल्या. "आता कपाट चाकूनं उघडा लागते."

पट्टी नाल्याशी अडकली, साहेबांचा हात हलला, आणि अर्धी पलटण झाडावर जाऊन आपटली. साहेबांनी शिवी हासडली, पट्टी परत जागेवर आणली, आणि पुन्हा ढकलली. फासे एका पारदर्शक डब्यात बंद होते. टाकायचे नाहीत, डबा नुसता उलटा करायचा. टेप नव्हता, त्याच्या जागी एक काठी होती. प्लायवूडच्या काठाला पट्टी ठोकली होती, काही पडू नये म्हणून.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"दिसून नाही राहिलं का? नवीन नियम. त्या काळी शिपाई घोळक्यानंच लढे. इतिहासाच्या दृष्टीनं हेच बराबर आहे."

"आणि हात कशाला बांधलाय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "खाजते. डॉक्टर म्हने खाजवू नका."

वहिनी आत निघून गेल्या. सुनवायला आलो होतो ते विसरून मी खुर्ची ओढून बसलो. साहेबांनी एका हातानं पूर्ण लढाई खेळून संपवली, दोन्ही बाजूंनी. कुठं पट्टी अडते, कुठं हात पुरत नाही, ते बघून त्यांनी नाला बुजवला आणि एक टेकडी अलीकडे आणली. सीताबर्डीचा भूगोल असा पहिल्यांदाच बदलला. मग हाताचा गमछा सोडत म्हणाले, "गाडी काढ. प्लायवूड मागच्या सीटवर बसते, मी मोजलं."

दुर्गला राऊतभाऊ नेहमीच्या खिडकीशी बसले होते. साहेबांनी 'कसं आहे' विचारलं नाही. त्यांच्यापुढच्या टेबलावर प्लायवूड मांडत म्हणाले, "बसला आहे निवांत! तिकडं तुहे इंग्रज वाट पाहून पाहून सडून राहिले. चाल तुही आहे."

भाऊंनी डावा हात उचलला. बराच वेळ तो मुठीवर नुसता ठेवला. मग ढकलली.

"एक बोट जास्त गेला," साहेब म्हणाले. "मागं घे."

राऊतवहिनी पोळ्या सोडून दारात आल्या. "जाऊ द्या ना, भाऊजी. त्याहिले कुठं समजते..."

"त्याले सगळं समजते. चोर आहे तो पयलेपासून. मागं घे, राऊत."

इतक्या दिवसांत त्या घरात राऊतभाऊंना कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं. भाऊंनी पलटण मागं घेतली. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे खिडकीकडे नव्हते, टेबलावर होते. डबा उलटा केला, आणि पहिल्याच डावात साहेबांची तोफ गेली. फासे अजून फिदाच होते.

मग साहेबांची चाल आली. त्यांनी काठी लावली, घोडदळ सरकवलं, आणि काठीच्या टोकाशी न थांबता सरळ टेकडीच्या पायथ्याशी नेऊन उभं केलं. मी पंच म्हणून तोंड उघडलं. टेबलाखाली साहेबांचा बूट माझ्या पायावर पडला, जोरात. सेफ्टी शूज होते ते. मी तोंड मिटलं.

राऊतभाऊंनी घोडदळाकडे पाहिलं. काठीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, मी चिवडा खात होतो. त्यांचा चेहरा लाल झाला. ओठ एका बाजूनं हलायला लागले, मान थरथरली, आणि आतून कुठून तरी ओढून काढल्यासारखा आवाज आला.

"ची... ची... टिंग!"

राऊतवहिनींच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

ढोबळेसाहेबांनी कानाशी हात नेला. "काय म्हणला? ऐकू नाही आलं." आणि दुसऱ्या हातानं घोडदळ आणखी एक बोट पुढं सरकवलं.

"चीटिंग... बे!"

"मोठ्यांदा बोल ना, राऊत. मले काही समजून नाही राहिलं," साहेब म्हणाले. मान खाली घालून ते घोडदळ टेकडीवर चढवायला लागले, तोच राऊतभाऊंनी डाव्या हातानं त्यांच्या मनगटावर सणसणीत फटका मारला.