डोंग्याची पावती

यादोभाऊ हटवार पाणीपुरी खाऊन पावती मागतात.

पवनीच्या बाजारातला पाणीपुरीवाला पहिल्या वेळी हसला, दुसऱ्या वेळी चिडला, आता त्यानं हात टेकले आहेत. यादोभाऊ लांबून येताना दिसले की तो आधी कागद फाडतो, मग पुरी फोडतो. भाचीच्या लग्नात आहेराचं पाकीट दिल्यावर हा माणूस मांडवातच अडून बसला. "पावती देजा, मंग जेवतो." नवरीच्या काकानं शेवटी लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलं की पाकीट पोचलं, आता जेवा.

माझं पवनीला झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणजे या माणसाचं निम्मं आयुष्य माझ्या काउंटरवर जातं. घर शेजारी, त्यामुळे उरलेलं निम्मंही माझ्याच डोळ्यांदेखत. एक झेरॉक्स काढली तरी त्यांना पावती लागते. ती पावती फाटू नये म्हणून तिची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सची पुन्हा पावती. माझा स्वभाव आधीच तिखट. एकदा ओरडलेच, "यादोभाऊ, हे संपणार तरी कधी?"

"कंपनी थकन तेवा, ताई," ते म्हणाले, आणि पावतीसाठी हात पुढे केला.

ही कंपनी म्हणजे धानाचं बियाणं विकणारी. यादोभाऊ तिच्यात गावोगाव फिरायच्या नोकरीवर होते. त्यांच्या वाट्याला आलेली काही गावं गोसीखुर्द धरणाच्या पाण्यापलीकडची. धरण व्हायच्या आधी तिकडे जायला सरळ रस्ता होता, यादोभाऊंच्या स्वतःच्या गावावरून जाणारा. धरण भरलं, गाव पाण्यात गेलं, रस्ताही गेला, आणि बायको वारल्यावर यादोभाऊ पुनर्वसनातलं घर सोडून आमच्या शेजारी भाड्यानं राहायला आले. पण कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात गावांच्या अंतराचा जो तक्ता होता, त्यात तो रस्ता होता तसाच होता. अगदी कोरडा.

यादोभाऊ कधी मोटारसायकलनं लांबचा वळसा घालत, कधी गाडी या काठाला ठेवून डोंग्यानं, म्हणजे लहानशा होडीनं, पलीकडे जात. वळशाचं पेट्रोल मागितलं की ऑफिस म्हणे, तक्त्यात बसत नाही. डोंग्याचं भाडं मागितलं की म्हणे, पावती जोडा. आता मला सांगा, वैनगंगेत डोंगा वल्हवणारा ढिवर काय कमरेला पावतीपुस्तक खोचून बसतो?

शेवटी त्यांनी ऑफिसला अर्ज लिहिला. टाइप मीच केला, म्हणून पाठ आहे. ‘साहेबांनी तक्त्यातल्या रस्त्यानं एकदा स्वतः यावं. येताना गाडीच्या काचा मात्र वर करून घ्याव्यात.’

"काचांचं काढून टाका," मी म्हटलं. "साहेब चिडेल."

"राहू द्या ना ताई. काळजीपोटी लिवलं. त्या रस्त्यानं जायले तो का मासोळी आहे?"

साहेब चिडला. थोड्याच दिवसांत नोकरी गेली, आणि अडकलेला भत्ता अडकलेलाच राहिला. पावती मागायचं वेड लागलं ते तेव्हापासून. "मले पावती मांगते ना? आता मी साऱ्या दुनियेले मांगतो," असं त्यांनी भर चौकात जाहीर केलं होतं.

दुसरा कोणी असता तर दोन शिव्या देऊन गप्प बसला असता. यादोभाऊंनी वेगळंच सुरू केलं. कंपनीचा शेतकरी मेळावा जिथं, तिथं यादोभाऊ. पहिल्या रांगेत बसायचं, कंपनीची फुकटची टोपी घालायची नाही, फुकटचा भात खायचा नाही, घरची भाकर सोबत. भाषणं संपली की माईकवाला विचारतो, "कोणाला काही प्रश्न?" की हे उठले. आधी डोक्याचा दुपट्टा सोडायचा, झटकायचा, पुन्हा बांधायचा. तोवर मांडव चिडीचूप.

"प्रश्न एकच आहे. माह्या प्रवासभत्त्याचं का झालं?"

कोंढ्याच्या मेळाव्यात त्यांनी हा प्रश्न खोडकिड्यावर बोलायला आलेल्या पाहुण्या तज्ज्ञाला विचारला. तो बिचारा म्हणाला, "अहो, मी कंपनीचा नाही, मी तर व्याख्यानाला आलोय."

"मंग तुमाले तरी येन्या-जान्याचं भेटलं का?"

तज्ज्ञानं नकळत मान हलवली.

"नाही ना? मंग या इकडं, माह्याजवळ बसा."

लोक हसून हसून बेजार. पुढे पुढे तर शेतकरी बियाण्यासाठी कमी आणि यादोभाऊंच्या प्रश्नासाठी जास्त जमू लागले. कंपनीनं एकदा प्रश्नांचा कार्यक्रमच गाळून टाकला. यादोभाऊंनी प्रश्न आभारप्रदर्शनात विचारला.

आणि मग गेल्या हंगामाआधी ते घडलं, ज्यावरून मी त्यांच्याशी भांडले. साहेबाचा फोन आला. यादोभाऊ माझ्याच दुकानात उभे होते, फोनचा आवाज मोठा केलेला. साहेब नरमाईनं म्हणाला, "हटवार, मिटवून टाकू. पेट्रोलचे सगळे देतो. ते डोंग्याचं तेवढं सोडा. किरकोळ रक्कम आहे, आणि पावती नाही."

"पयले डोंग्याचे द्या."

"अहो, डोंग्याचे कसे देता येतील?"

"मंग पेट्रोलचेबी ठेवा तुमच्याचजवळ." आणि फोन बंद.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाच्या घरावरच्या टिनाला भोकं, पावसाळ्यात खाटेखाली बादली, खाटेवर टोपलं, आणि हे महाराज आलेले पैसे परत पाठवतात! "यादोभाऊ," मी म्हटलं, "हत्ती दारात येऊन उभा होता हो! तुम्ही शेपटासाठी हाकलून दिला!"

"त्या शेपटातच जीव आहे, ताई."

"काहून पण? काही कारण सांगाल की नाही?"

"शब्द देल्ला आहे," एवढंच म्हणून ते निघून गेले. त्या दिवशी पहिल्यांदा पावती न मागता गेले. मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला.

मोहाडी माझं माहेर. तिथं त्याच आठवड्यात कंपनीचा मोठा मेळावा होता आणि मोठे साहेब स्वतः येणार होते. यादोभाऊंच्या मोटारसायकलवर मागं बसून मीही गेले. अबोला सोडला असं नाही, मला भावाकडे जायचंच होतं. मांडव गच्च भरलेला, सगळ्यांच्या डोक्यावर कंपनीच्या हिरव्या टोप्या. साहेबांनी नव्या वाणाची थैली उंच धरून दाखवली, आणि माईकवाल्यानं विचारायच्या आधीच मागून कोणीतरी ओरडलं, "पयले यादोभाऊचा प्रश्न होऊ द्या!"

यादोभाऊ उठले. दुपट्टा सोडला, झटकला, बांधला. प्रश्न विचारला.

साहेब हसून म्हणाले, "हटवार, पेट्रोलचं आम्ही कबूल केलंय. डोंग्याचं भाडं विनापावती देता येत नाही, हे या सगळ्या समजूतदार शेतकऱ्यांना पटेल."

इथंच साहेब चुकले. मोहाडीकडचा माणूस धान दाखवला तर ऐकतो, पण समजूतदार म्हटलं की बिथरतो. माझ्या शेजारची एक म्हातारी बाई उठली, डोक्यावरची हिरवी टोपी काढली आणि सरळ जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. "डोंग्यात बसनाऱ्यानं पैसे बुडवाचे नसते, बाबू," ती म्हणाली. "आमच्यात ते पाप आहे." तिच्यामागून दुसरा गेला, मग तिसरा. बघता बघता टेबलावर टोप्यांचा ढीग झाला आणि नव्या वाणाची थैली त्याखाली दिसेनाशी झाली. बाप्पा! मी टोपी घेतली नव्हती, नाहीतर मीही ठेवली असती.

साहेबांनी तिथूनच नागपूरला फोन लावला.

पेट्रोलचे पैसे बँकेत आले. डोंग्याचे मात्र यादोभाऊंनी हट्टानं रोख मागितले, आणि तेही कंपनीच्या पाकिटात, वर धानाच्या लोंबीचं चित्र असलेल्या. पाकीट हातात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाशी येऊन म्हणाले, "चला ताई. साक्षीदार पाह्यजे."

काठावर बुधामामा बसला होता. डोंगा चालवणारा हाच तो म्हातारा ढिवर, यादोभाऊंच्याच बुडालेल्या गावचा. गुडघे गेलेले, हात अजून लोखंडी. यादोभाऊंनी पाकीट पुढे केलं. मामानं ते आधी उलटसुलट करून पाहिलं, लोंबीच्या चित्रावरून बोट फिरवलं.

"कंपनीचेच ना? तुहे नाही ना, यादो?"

"कंपनीचेच. ह्या ताई साक्षीले आहेत."

मी मान हलवली, तेव्हा कुठं मामानं पाकीट कनवटीला खोचलं.

"यांचे स्वतःचे का नाही चालत?" मी विचारलं.

उत्तर यादोभाऊंनी दिलं. "आमच्या गावात डोंग्याले पैसा नव्हता, ताई. धान चुरून घरी आलं का घरटी सूपभर मामाच्या आंगनात नेऊन टाकाचं, मंग सालभर जा-ये करा. पैसा फक्त परक्यापासून. आता माह्याजवळ धानाची बांधी राह्यली नाही, तं धान कुठून देऊ? इकत आनून देल्लं, तं म्हने, इकतचं धान म्हंजे पैसाच झाला. घेतलं नाही. मी म्हटलं, मामा, कंपनीचं काम आहे, कंपनी देईन. कंपनी तं परकी आहे ना? त्यावर कबूल झाला. तेवा शब्द देल्ला."

"गावच नाही राह्यलं, तं मी गाववाला कसा, असं म्हने हा," मामा हसला. "म्या म्हटलं, गाव कुठं गेलं? खालीच तं आहे. बस डोंग्यात."

आम्ही बसलो. पाणी शांत होतं. बऱ्याच आत गेल्यावर मामानं वल्हं उचलून आडवं ठेवलं, आणि डोंगा थांबला.

"तुहं आंगन आलं, यादो."

यादोभाऊंनी दुपट्टा सोडला. झटकला नाही, पुन्हा बांधला नाही. हातात धरून पाण्यात बघत बसले.

"मामा दर खेपेले थांबवते, ताई," ते म्हणाले. "म्या कधी म्हटलं नाही थांबव म्हनून. माही माय येथंच गेली, याच आंगनात. कंपनीले हे कोन्त्या रकान्यात लिवून देऊ?"

मामानं वल्हं पाण्यात घातलं आणि डोंगा फिरवला. 

परत काठाला लागलो. यादोभाऊ उतरले. मी उतरत होते, तर मामानं माझ्यापुढं हात पसरला. "तुमचे द्या, बाई. तुम्ही पवनीच्या."

मी हसून पर्स उघडली आणि पैसे दिले. यादोभाऊंच्या शेजाराची इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "आणि पावती?"

यादोभाऊ गर्रकन वळले. डोळे लाल, दुपट्टा अजून हातातच. भर चौकात ओरडावं तसे माझ्यावर ओरडले.

"डोंग्याची कोनी पावती मांगते का, ताई?"